रायगड किनाऱ्यावरचा व्हिडिओ : ग्राहक, बिघाड आणि माळ्यावरच्या कॅसेटी



सुरुवातीला एक छोटी शिरगणती करू या. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी, माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात, अजून व्हिडिओ कॅसेट आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता ती कॅसेट लावून बघता येईल असं चालू यंत्र ज्यांच्या घरी आहे, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. त्यातले एक काका म्हणतायत, ‘चालू होतं, दिवाळीत बघितलं होतं.’ कुठल्या दिवाळीत, ते मात्र सांगत नाहीत. (हशा)

यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा शोध लावणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. कुठल्या कंपनीने कधी काय बाजारात आणलं, कोण जिंकलं, कोण हरलं. आज मला दुसऱ्या बाजूने बघायचं आहे. ज्यांनी पैसे मोजले आणि ज्यांच्या घरी ते यंत्र बिघडलं, त्यांच्या बाजूने. आणि तेही आपल्या पट्ट्यात, म्हणजे उरण-अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेपच्या काळात आपल्याकडच्या ग्राहकाजवळ बिल नव्हतं, गॅरंटी नव्हती, तरी बिघाड निस्तरला जात होता. डिस्कच्या काळात बिल आलं, गॅरंटी कार्ड आलं, आणि नेमक्या त्याच काळात घराघरांतली चित्रं कायमची गेली. हे कसं झालं, ते पाहू.

१ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. साधारण त्याच सुमाराला व्हिडिओ हा शब्द आपल्या गावांत ऐकू यायला लागला. त्याआधी टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि अलिबाग, उरणला त्याचा फायदा लगेच झाला, कारण मध्ये डोंगर नाही, नुसतं पाणी. बांबूवर उंच अँटेना बांधली की वरळीचं चित्र येई. दक्षिणेला जावं तसतशा पडद्यावर मुंग्या वाढत. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, १९ नोव्हेंबरला दिल्लीत आशियाई खेळ सुरू झाले, आणि रंगीत टीव्ही ही पैसेवाल्या घराची खूण झाली. पण वाहिनी एकच. तिच्यावर जे लागेल ते बघायचं. आपल्याला हवं ते, हवं तेव्हा बघायचं, ही सोय घरात आणली ती व्हीसीआरने.

टेपवर चित्र नोंदवणारं पहिलं व्यवहार्य यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये दाखवलं. ते स्टुडिओसाठी होतं. घरासाठी सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात आलं. आपल्याकडे घरोघर दिसलं ते व्हीएचएस. त्याच्या ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असे आणि ती तीन तास चाले. आपला हिंदी सिनेमा अडीच-तीन तासांचा. एका कॅसेटमध्ये तो आख्खा मावत होता.

हे यंत्र आपल्या किनाऱ्यावर दोन वाटांनी आलं. एक आखातातून. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या भागातल्या गावांतून कुवेत, सौदी, दुबई, बहारिनला गेलेली माणसं सुट्टीवर येताना ते घेऊन यायची. दुसरी वाट मुंबईची. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत जपानी माल मिळायचा, तो कसा आला हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. आमच्या घरी पहिल्या वाटेने आलं. काका कुवेतला होते. १९८४ च्या मे महिन्यात ते चादरीत गुंडाळलेलं यंत्र घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उतरले. कंपनीचं नाव आज घेत नाही, त्या कंपनीची चूक नव्हती.

आता हे यंत्र आत काय करतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे आपल्याकडेच ते इतकं का बिघडायचं ते कळेल. कॅसेट आत ढकलली की यंत्र टेप बाहेर ओढतं आणि एका गुळगुळीत धातूच्या ढोलाभोवती गुंडाळतं. हा ढोल ६२ मिलिमीटर व्यासाचा. आपल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्याच्या कडेला दोन बारीक हेड असतात, तीच चित्र वाचतात. टेप मात्र सावकाश सरकते, सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. चित्राची एकेक रेघ ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहून बारीक. तिच्यावरून हेड नेमकं गेलं तर चित्र, जरा बाजूला गेलं तर पट्टे.

अशा यंत्राला खारी दमट हवा म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. पावसाळ्यात ढोलावर दव धरायचं. ओल्या ढोलाला टेप चिकटली की ती गुंडाळून, चुरगळून निघे. म्हणून बऱ्याच यंत्रांत ओल ओळखणारी एक व्यवस्था होती. ओल दिसली की यंत्र चालायचंच नाही. गिऱ्हाइकाला वाटे, मशीन बिघडली. आमच्या गावचा रेडिओ दुरुस्त करणारा, जो पुढे व्हिडिओ दुरुस्त करायला लागला, तो बघून म्हणाला, ‘मशीन नाय बिघडली, हवा लागली तिला. कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवा.’ मग पुढची दहा वर्षं आमच्या घरात कपाटातला तो बल्ब पावसाळाभर जळत असे. देवापुढच्या समईपेक्षा त्याची काळजी जास्त. (हशा)

आणि गंमत अशी की मागणी सगळ्यात जास्त पावसाळ्यातच. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, शेतीची लावणी उरकलेली, मग गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी आलेले. कोळीवाड्यात, आळीत यंत्र आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणून रात्रभर तीन सिनेमे. ‘धूमधडाका’ १९८५ चा, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, हे सिनेमे कित्येकांनी थिएटरात नाही, अंगणात खाटेवर बसून पाहिले. म्हणजे हवा सगळ्यात वाईट असताना यंत्राकडून सगळ्यात जास्त काम.

दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते, ती हीच. अशी कॅसेट लावली की भुकटी हेडवर बसते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि पुढची चांगली कॅसेट लावली की तिलाही लागण होते. लायब्ररीची एक कॅसेट आठवड्यात सात घरं फिरली की सात यंत्रं आजारी. अक्षरशः साथ. त्यावर घरगुती उपाय सुरू झाले. कोणी ढोलाला कोरा कागद लावून फिरवायचं, कोणी कापूस घेऊन पुसायचं. कापसाचा तंतू हेडमध्ये अडके आणि हेड वर-खाली घासलं तर सरळ मोडे. जाणकार माणूस शामवाच्या कातड्याला स्पिरिट लावून आडवं पुसत असे.

तिसरं दुखणं आखातातून आलेलं. कुवेत, दुबईला आपल्यासारखीच पाल पद्धत होती. सौदीला सेकॅम. जेद्दाहून आलेली कॅसेट इथल्या साध्या पाल यंत्रावर लावली की चित्र काळं-पांढरं दिसे. तिकडे लेकाने रंगीत शूटिंग करून पाठवलेलं, इकडे आईला नातू काळा-पांढरा. म्हणून ‘मल्टिसिस्टिम’ या शब्दाला किंमत आली. शिवाय सौदीत पुष्कळ घरांत वीज १२७ व्होल्टची. तिथलं यंत्र मागचं बटण न बदलता आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलं की एक ‘फट्’ आवाज आणि जळका वास. वर्षभराची बचत एका सेकंदात गेलेली घरं मला माहीत आहेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. असं यंत्र बिघडलं तर ग्राहकाने दाद कुठे मागायची?

त्याच काळात महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जोरात होती. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ ची, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि आजही आपण तो ग्राहक दिन म्हणून पाळतो. कायदा चांगला होता. पण आपल्या किनाऱ्यावरच्या व्हीसीआरवाल्याला त्याचा उपयोग किती? कायद्यातला ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. मोबदला दिला हे दाखवायला कागद लागतो. गल्लीतून आणलेल्या मालाला बिल नाही, आणि बिल मागायला गेलं तर आधी आपल्यालाच विचारणार, हे आणलंत कुठून? आखातातून आणलेल्याला बिल आहे, पण दुकानदार कुवेतमध्ये.

कॅसेटचंही तेच. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, ती ८ ऑक्टोबरपासून लागू झाली. त्यानुसार व्हिडिओ कॅसेटवर करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराची परवानगी, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत असायला हवी. गावातल्या लायब्ररीच्या कॅसेटवर काय असायचं? पेनाने लिहिलेलं सिनेमाचं नाव, तेही कधी कधी चुकीचं. नकलेची नकल, तिची नकल, त्यामुळे हिरो कोण ते आवाजावरून ओळखायचं. पण तक्रार करणार कशी? मालच बेकायदा.

आणि जो माणूस व्हीसीआर भाड्याने देऊन पोट भरत होता, किंवा लग्नाचं शूटिंग करत होता, त्याची आणखी वेगळी अडचण. धंद्यासाठी वस्तू घेणारा मूळ कायद्यात ग्राहक नव्हताच. स्वतःच्या रोजगारासाठी, केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू या अपवादात बसत नाही, हा खुलासा १९९३ च्या दुरुस्तीने आला. तोवर अनेकांची व्हिडिओची दुकानं उघडून बंदही झाली होती.

मग लोकांनी काय केलं? लोकांनी गॅरंटी यंत्रावर न ठेवता माणसावर ठेवली. तो दुरुस्तीवाला, शेजारचा आयटीआय झालेला मुलगा, ‘आमच्याकडे आधी लावून बघा, मग घ्या’ म्हणणारा लायब्ररीवाला. मी या व्यवस्थेचं कौतुकच करतोय असं समजू नका. चांगलं हेड काढून जुनं बसवणारेही होते, आणि गिऱ्हाइकाला ते कळायला मार्ग नव्हता. पण एक गोष्ट खरी, टेपचा बिघाड हाताला लागणारा होता. एका गणपतीत आमच्या यंत्राने आत्याच्या लग्नाची कॅसेट चावली. दुरुस्तीवाल्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, चुरगळलेला वीतभर भाग कापला, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. वीतभर टेप म्हणजे किती चित्र गेलं? हिशेब करा, सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटर. नऊ-दहा सेकंद. पंगतीत बसलेला एक मामा दहा सेकंद कमी जेवला, एवढंच. (हशा) बाकी लग्न जागच्या जागी.

आता डिस्ककडे येऊ. व्हीसीडीचा नमुना १९९३ मध्ये ठरला, डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आली. आपल्याकडे नव्वदच्या अखेरीला व्हीसीडी आल्या. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणजे सिनेमा दोन-तीन डिस्कचा, आणि ओरखडा नेमका शेवटच्या डिस्कवर. मग मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, आणि भाड्याची कॅसेट संपली.

याच वेळी दुकानांत एक जोडयंत्र दिसायला लागलं. एका बाजूला कॅसेटचा खण, दुसऱ्या बाजूला डिस्कचा ट्रे. जुनी कॅसेट इकडे लावा, एक बटण दाबा, तिकडे डीव्हीडी तयार. ‘आठवणी कायमच्या जपा’ असं सांगून ते विकलं जाई. माझ्या वडिलांनी २००७ मध्ये असं एक घेतलं. रीतसर शोरूममधून, बिल, एक वर्षाची गॅरंटी. आमच्या घरात आलेलं हे पहिलं कायदेशीर व्हिडिओयंत्र. वडिलांनी ते बिल फाइल करून ठेवलं होतं, आजही आहे.

अशा यंत्रांनी लोकांना काय अनुभव दिले, ते मी गेली काही वर्षं या पट्ट्यातल्या घरांतून ऐकत आलो आहे. तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, यंत्र म्हणायचं ‘ही कॅसेट कॉपीपासून संरक्षित आहे’ आणि थांबायचं. कॅसेट कुणाची? स्वतःच्या मुलीच्या बारशाची. जुनी, झिजलेली टेप असली की तिच्यातले इशारे अस्थिर होतात, आणि यंत्राला ते चोरी रोखण्यासाठी घातलेल्या खुणांसारखे वाटतात. वीस वर्षं चोरीच्या कॅसेटी बिनबोभाट चालल्या आणि घरची कॅसेट चोर ठरली.

दुसरी, डिस्क त्या यंत्रावर दिसायची, दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर नाही. कारण रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागते, म्हणजे तिची अनुक्रमणिका लिहून बंद करावी लागते. हे इंग्रजी माहितीपुस्तिकेत आत कुठेतरी लिहिलेलं. दुकानदाराला माहीत नाही, गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

तिसरी, डिस्कच मेली. घरी लिहिल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो उजेडाने, उष्णतेने खराब होतो. दमट हवेत थर सुटतात. बुरशी इथेही पाठ सोडत नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ला, हे स्पेनच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. बेलीझची हवा आपल्या श्रीवर्धनला परकी वाटणार नाही.

आमच्या घरी दुसरी आणि तिसरी, दोन्ही झाली. वडिलांनी सात डिस्क केल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या, ‘आता डिस्क आहे ना’ म्हणून. दोन पावसाळ्यांनी यंत्र बंद पडलं. गॅरंटी संपलेली. सुटा भाग मिळत नाही. आणि डिस्क कुठेच उघडेनात, कारण एकही बंद केलेली नव्हती. आणि समजा गॅरंटी चालू असती, तरी काय मिळालं असतं? गॅरंटी यंत्राची असते. कोऱ्या डिस्कची असलीच तर बदल्यात दुसरी कोरी डिस्क मिळते. तिच्यावर काय लिहिलं होतं, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

पुढे एका मित्राने संगणकावर खास सॉफ्टवेअर लावून सातपैकी चार डिस्क वाचवल्या. आत्याच्या लग्नाचा हळदीचा भाग उरलेल्या तिनांत होता. त्यात माझी आजी गात होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. वीतभर टेप कापून नऊ सेकंद गेली होती. डिस्कवरचा नखाएवढा भाग गेला आणि आख्खी हळद गेली.

हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. ऐंशी-नव्वदच्या कॅसेटींत या किनाऱ्याचं काय काय आहे, याचा विचार करा. आगरी-कोळी लग्नांतल्या धवलारिणींचे धवले आहेत. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांनी जाण्याआधी घेतलेली चित्रं काही घरांत असतील. आज बोलीत उरले नाहीत ते शब्द आहेत, पडलेली घरं आहेत. त्यातही शूटिंगवाल्याने वरून सिनेमाची गाणी घालून मूळ आवाज पुसला नसेल, तेवढ्याच कॅसेटींत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा कौलं आणि पत्रे उडाले. आणि कौलांखाली काय असतं? माळा.

आपल्याच अलिबागेत एक चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं काम १९०४ मध्ये इथे हलवलं. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद इथे शतकाहून जास्त काळ सलग आहे. हवा तीच, खारी आणि दमट. फरक इतकाच की तिथे नोंद जपणं हे कुणाचं तरी रोजचं काम आहे. घरात ते कुणाचंच काम नव्हतं, आपण ते यंत्रावर सोपवलं.

तेव्हा शेवटी चार कामाच्या गोष्टी. जगातली शेवटची व्हीसीआर बनवणारी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. त्यामुळे वेळ कमी आहे. पांढरी भुकटी दिसणारी कॅसेट घरी लावू नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. चांगल्या कॅसेटच्या कडेचं प्लास्टिकचं छोटं कान मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. ‘नो डिस्क’ दाखवणारी डिस्क फेकू नका, ती रिकामी असेलच असं नाही. फाइल करून घ्या, तिच्या तीन प्रती तीन घरांत ठेवा, आणि ते झालं तरी मूळ कॅसेट भंगारात देऊ नका.

आणि कॅसेट अजून लावता येत नसली, तरी आज घरी गेल्यावर तिच्या खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवा. कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठलं साल, कोण गातंय. हे सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत, त्यांना विचारून लिहा.